पाटावर काय ठेवायचं

रस्त्याच्या कडेला कोहळ्यांचे ढीग लागले की बंगळुरात दसरा जवळ आला असं समजायचं. आदल्या संध्याकाळी जिथे शहाळीवाला उभा होता तिथे सकाळी राख फासल्यासारखे पांढुरके कोहळे रचलेले असतात. शेजारी शेवंतीची पोती, केळीचे खुंट, लिंबांच्या टोपल्या. या दिवसांत पाऊस दुपारनंतर येतो, गाजावाजा करत नाही आणि लवकर जातही नाही. फूलवाल्या बायका ढिगांवर निळं प्लास्टिक ओढून घेतात. प्लास्टिकखालून शेवंतीचा कडसर वास येत राहतो.

खंडेनवमी महाराष्ट्रातही असते, पण ती बहुतेक घरात, देवघरापुढे उरकते. इथली आयुधपूजा रस्त्यावर येते. रिक्षा धुऊन पुसून उभ्या राहतात, बसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधले जातात. इस्त्रीवाला इस्त्रीला हळदकुंकू लावतो. न्हाव्याच्या दुकानात कात्र्या आणि वस्तरे टॉवेलवर ओळीने मांडलेले असतात. झेरॉक्सच्या यंत्रावर माळ असते आणि त्या दिवशी झेरॉक्स मिळत नाही. नियम साधा आहे. ज्याच्यावर पोट चालतं ते पाटावर ठेवायचं, पूजा करायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. मग कुंकू भरलेला कोहळा दारासमोर फोडायचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कोहळ्याचा ओला, काकडीसारखा वास येतो आणि वळणांवर दुचाक्या घसरतात.

सिग्नल लाल होतो तेव्हा मात्र त्या थांबतात. शेकडो दुचाक्या एकदम, एकमेकींच्या अंगाला अंग लावून. थांबल्या याची नोंद कुणी घेत नाही. थांबायच्याच असतात. असा घोळका थांबलेला दिसला की मला रावअण्णा आठवतात, आणि त्यांच्या घरचा तो एक दसरा.

तेव्हा मी कोरमंगलाच्या मागच्या अंगाला, जुन्या गावाची राहून गेलेली एक गल्ली आहे, तिथे भाड्याने राहत होते. समोरच्या रस्त्यावर पीजी, कॉफीची दुकानं, पाठीवर बॅगा घेतलेली पोरं. गल्लीत आत वळलं की दारात तुळस आणि पाण्याचा हंडा. घरमालक रावअण्णा. कागदोपत्री नाव मालोजीराव, पण ते फक्त विजेच्या बिलावर असायचं. त्यांचे पूर्वज कोणत्या तरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत गेले नाहीत, एवढीच माहिती घरात शिल्लक होती. मराठी मात्र टिकलं होतं. घरातच वाढलेलं, शाळेचं तोंड न पाहिलेलं मराठी, कन्नडशी नातं जुळवून मोकळं झालेलं. त्यांच्या पत्नी शारदाक्का मला पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "तुमचं मराठी पेपरातलं आहे मा. आमचं सैपाकघरातलं."

पेपरातलं हे खरंच होतं. पुण्यातल्या एका दैनिकाचं डेस्क सोडून मी इथे आले होते. काम घरून चालत होतं आणि काम तेच होतं, दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्याचं.

रावअण्णांचं कामही त्याच जातीचं होतं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात दुचाकीच्या ब्रेकमधला एक छोटा भाग तयार व्हायचा. त्या भागाला एक भोक असायचं आणि ते भोक बरोबर मापाचं आहे की नाही हे रावअण्णा बघायचे. त्यासाठी गेज असतं. हातात धरायचा पोलादी दांडा, दोन्ही टोकं आरशासारखी घासलेली. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर भाग चांगला. नाही तर लाल डब्यात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी हेच केलं. त्यांना विचारलं तर ते म्हणायचे, मी काही केलं नाही, लेथवाल्याने केलं, मी बघितलं.

त्या वर्षी श्रावणात ते निवृत्त झाले. गळ्यातल्या हारासकट कंपनीची बस त्यांना शेवटची गल्लीच्या तोंडाशी सोडून गेली. दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी उठले, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसले. बस येण्याची वेळ झाली, टळली. ते आत गेले आणि घर तपासू लागले.

प्रथम दाराच्या कड्या. मग नळ. मग भिंतीवरच्या तसबिरी, ज्या सगळ्या थोड्या थोड्या कललेल्या निघाल्या. शेजारच्या दारातली रांगोळी एका बाजूला फुगली आहे हे त्यांनी तिथल्या सुनेला सांगितलं आणि पुढचे काही दिवस ती सून शारदाक्कांशी बोलली नाही. एकदा त्यांनी इडल्या उचलून उचलून पाहिल्या. शारदाक्का म्हणाल्या, "लहान निघालेल्या लाल डब्यात टाका. डबा म्हणजे तुमचं पोट."

घटस्थापनेच्या आधी बाहुल्या मांडायचा दिवस आला. या घरात दसऱ्याला पायऱ्या लावून बाहुल्या मांडत. सगळ्यात वरच्या पायरीवर चंदनी लाकडाचे राजा आणि राणी, शारदाक्कांच्या माहेरून आलेले. शारदाक्का दुपारी फुलं आणायला गेल्या आणि परत येईपर्यंत अण्णांनी सगळ्या बाहुल्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. रांग सुरेख दिसत होती. पण राणी बुटकी असल्यामुळे तिसऱ्या पायरीवर, वाण्याच्या बाहुलीशेजारी जाऊन बसली होती आणि राजाच्या बाजूला पोलीस उभा होता. शारदाक्कांनी फुलं खाली ठेवली. राणीला उचलून त्यांनी वर नेऊन ठेवलं. अण्णा बघत राहिले. नंतर अंगणात पाणी भरताना शारदाक्का मला हळू आवाजात म्हणाल्या की रागवायचं तरी कशावर, माणसाला नुसतं बसवत नाही, काम लागतं हाताला.

या घरात आणखी एक भाडेकरू होती. गच्चीवरच्या खोलीत राहणारी पूर्वा, नागपूरची. आधी पीजीत राहून तिथल्या जेवणाला कंटाळून इकडे आलेली. रोज मारतहळ्ळीला जायची आणि परतताना रहदारीत इतकी अडकायची की जिना चढायच्या आधी खालच्या पायरीवर बसून घ्यायची. ती सॉफ्टवेअर तपासायची. तिच्या कंपनीचं एक अॅप होतं, रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी. रुग्णाने रक्त द्यायचं, रिपोर्ट फोनवर बघायचा.

एका संध्याकाळी शारदाक्का शेवंती ओवत बसल्या होत्या, मी दोऱ्याला गाठी मारत होते आणि पूर्वा पायरीवर होती. कॉलेजातली कुणी मैत्रीण नोकरी सोडून खेड्यातल्या शाळेत शिकवायला गेली होती. तिने मुलांबरोबरचा फोटो पाठवला होता. पूर्वाने तो आम्हाला दाखवला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "तिचं काम दिसतं तरी. मी काय करते, अक्का? दुसऱ्यांनी बनवलेली बटणं दाबून पाहते. संध्याकाळी माझं असं काही उरतच नाही."

शारदाक्का सुईतून नजर न काढता म्हणाल्या, "माझं उरतं की. भांडी."

पूर्वा हसली. पण हसून झाल्यावर तिने मला जिन्यात सांगितलं की राजीनामा लिहून ठेवला आहे, दसरा झाला की पाठवायचा. पुढे काय, ते ठरलेलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं की हे नाही. काहीतरी असं, ज्याचा कुणाला उपयोग झालेला डोळ्यांनी दिसेल.

 तिला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नव्हतं. डेस्कवरच्या माणसाचं नाव पानावर छापत नाहीत. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते. एकदा पान सोडण्याच्या घाईत त्यांनी पुढ्यातल्या प्रुफावर बोट ठेवलं. शोकसभेच्या बातमीशेजारी सत्काराचा फोटो लागला होता, हार घातलेला माणूस तोंड भरून हसत होता. फोटो बदलला, पान गेलं. ते चहा प्यायला खाली उतरले. दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाने पेपर उघडला असेल, बातमी वाचली असेल, घडी घालून ठेवली असेल. त्यांच्या घरात काय घडलं नाही, ते त्यांना कधी कळणार नव्हतं. बातमी घडलेल्या गोष्टीची होते. न घडलेल्या गोष्टीला रकाना नसतो.

त्या दसऱ्याला एकाच घरात दोन माणसं या एकाच रकान्यापाशी अडली होती. एकाचं काम सुटलं होतं आणि आपण कोण हे त्याला कळत नव्हतं. दुसरीच्या हातात काम होतं आणि ते कशासाठी हे तिला कळत नव्हतं.

नवमीच्या सकाळी आकाश भरून आलेलं होतं. शारदाक्कांनी पहाटेच दाराला तोरण बांधलं. तोरण त्या नेहमी स्वतः बांधत आणि नजरेनेच बांधत, पण दोन्ही बाजू इतक्या सारख्या असत की अण्णांनाही तिथे बोट ठेवायला जागा नसे. मग त्यांनी देवघरापुढे मोठा पाट मांडला, वर कोरं कापड घातलं आणि घरातल्या प्रत्येकाला आपलं आयुध आणायला सांगितलं. त्यांची विळी आणि कात्री आधीच तिथे होती. मी लाल पेन आणि शब्दकोश ठेवला. पूर्वा लॅपटॉप घेऊन आली. तिच्या घरी वडिलांच्या दुकानातला तराजू पुजायचे, लॅपटॉपचं ती प्रथमच करत होती. कुंकू नेमकं कुठे लावायचं यावर थोडी चर्चा झाली आणि ते झाकणावर लागलं.

अण्णांचं आयुध या पाटावर कधी आलंच नव्हतं. त्यांचं गेज कारखान्याचं होतं, त्याची पूजा कारखान्यात व्हायची. नवमीला ते तिकडे जात आणि दुपारी चुरमुऱ्यांची पिशवी आणि लाडू घेऊन येत. या वर्षीही त्यांना बोलावणं होतं. ते गेले नाहीत. ते टेबल आता दुसऱ्याचं आहे, तिथे जाऊन आपण उभं कुठे राहायचं, असं ते म्हणाले होते.

अण्णा आंघोळीला गेले तेव्हा शारदाक्कांनी कपाटातून एक मखमली डबी काढली. निरोपाच्या वेळी खात्यातल्या पोरांनी अण्णांना त्यांचं जुनं गेज दिलं होतं. निवृत्तीच्या थोडं आधी ते तपासणीत नापास झालं होतं म्हणून देता आलं. मधल्या दांड्यावर लाल रंगाचा पट्टा होता. अण्णांनी ती डबी घरी आणल्यापासून उघडली नव्हती. शारदाक्कांनी गेज पुसलं, पाटाच्या बरोबर मध्ये ठेवलं आणि त्यावर पिवळी शेवंती वाहिली. त्यांचा चेहरा मोठी युक्ती साधल्यासारखा झाला होता.

अण्णा आले. पाटाकडे पाहून जागीच थांबले. मग वाकून त्यांनी फूल बाजूला केलं आणि गेज उचललं.

"हे इथं नको."

"का? तुमचंच आहे की."

"रिजेक्ट आहे, शारदा. चांगल्या आयुधांत रिजेक्ट ठेवत नाहीत."

शारदाक्का म्हणाल्या की देवापुढे कोण त्याने मापं घेणार आहे. अण्णा शांतपणे समजावू लागले, आवाज जराही न चढवता. गेज रोज घासून घासून झिजतं. झिजलं की बारीक होतं. मग जे भोक लहान आहे, जिथे ते जायला नको, तिथेही ते जातं. म्हणजे सगळ्यालाच चांगलं म्हणत सुटतं. म्हणून त्याला लाल रंग लावून वेगळं, कुलपात ठेवायचं. हार घातला म्हणून ते परत चांगलं होत नाही.

"सरी," शारदाक्का म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. त्यांचा आवाज बदलला होता. "मग तुमचं काय ठेवू? इतकी वर्षं गेलात. पाटावर काहीतरी पाहिजे की."

 अण्णांनी गेज डबीत घातलं, डबी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. पाटावर मधोमध जागा रिकामी राहिली. शारदाक्कांनी बाजूला केलेलं फूल उचलून परत त्या रिकाम्या जागेवर ठेवलं. पूजा झाली, आरती झाली, अण्णांनी फाटकापाशी कोहळा फोडला. कुंकवाचं पाणी दगडावरून गल्लीत ओघळलं. त्या सगळ्या वेळात कुणी त्या जागेकडे बघितलं नाही.

जेवायला सगळे एकत्र होतो. पुरणपोळी होती, तिला त्या घरात होळिगे म्हणत. पूर्वाची दुसरी पोळी पानात पडली आणि तिचा फोन वाजला. ती हिंदीत बोलत होती, पलीकडे तिच्या टीमचा प्रमुख होता. आज संध्याकाळी अॅपची नवी आवृत्ती सोडायची होती, नंतर ऑफिसला सुट्ट्या. आधी सापडलेली एक चूक दुरुस्त केली आहे, एकदा बघून घे, असं त्याचं म्हणणं होतं. पूर्वाने सांगितलं की लॅपटॉप पूजेत आहे, उद्यापर्यंत उचलता येत नाही. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. ती ठीक आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

"सुटले," ती म्हणाली. "माझ्याशिवाय सोडतील."

शारदाक्कांना हे पटलं. त्यांनी तिच्या पोळीवर तूप वाढलं. अण्णांचा हात मात्र पानावर थांबला होता. कसली चूक, त्यांनी विचारलं.

पूर्वाने सांगितलं. नव्या आवृत्तीत, एका प्रयोगशाळेत एकाच दिवशी एकाच नावाची, एकाच वयाची दोन माणसं आली तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फोनवर दिसत होता. तपासताना तिने सहज दोन मंजुनाथ तयार केले होते, म्हणून सापडलं.

"मंजुनाथ," अण्णा म्हणाले. "आपल्या गल्लीत हाक मारली तर तिघं वळतात." मग त्यांनी विचारलं, "दुरुस्त केलं ते बघितलं कुणी?"

"ज्याने केलं त्यानेच बघितलंय."

"म्हणजे कुणी बघितलं नाही."

ते उठले, हात धुतले आणि देवघरापुढे जाऊन उभे राहिले. शारदाक्कांच्या लक्षात आलं. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या की ठेवलेलं उचलायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको. नकोच होतं. घरातला प्रत्येक नियम अण्णा पाळत आणि दुसऱ्यांकडून पाळून घेत. ते आमच्याकडे न वळता सांगू लागले की कारखान्यात एक भट्टी होती. आयुधपूजेच्या दिवशी सगळी यंत्रं बंद असत, भट्टी बंद करता येत नसे. निवली तर आतला माल जातो. मग तिची माळ शेजारच्या भिंतीवर घालत आणि एक माणूस तिच्यासमोर बसवत. त्या माणसाला प्रसाद आधी देत.

मग त्यांनी नमस्कार केला, लॅपटॉपवरचं फूल काढलं आणि लॅपटॉप दोन्ही हातांनी आणून पूर्वासमोर धरला.

पूर्वाने तो घेतला नाही. तिचे हात तुपाचे होते, पण कारण ते नव्हतं. ती म्हणाली, "अण्णा, मी तशीही सोडून राहिले हे काम. पुढच्या आठवड्यात."

या घरात ती हे प्रथमच उघड बोलत होती. शारदाक्कांनी वर पाहिलं. अण्णांनी मात्र लॅपटॉप खाली केला नाही.

"पुढच्या आठवड्यात सोड, पुट्टी. आज आहेस की," ते म्हणाले, कन्नडात लहान मुलीला म्हणतात तसं.

तिने हात धुतले.

पुढचा तासभर त्या घरात जे झालं त्याला पूजा म्हणायचं की काम, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन रुग्ण हवे होते, म्हणून पूर्वाने चाचणीचं अॅप माझ्या आणि शारदाक्कांच्या फोनवर चढवलं. आम्ही दोघी मंजुनाथ झालो, दोघेही चाळिशीचे. अण्णा चष्मा पुसून मध्ये बसले. पूर्वा एका मंजुनाथचा रिपोर्ट पाठवायची, कुणाच्या फोनवर काय आलं ते अण्णा मोठ्याने वाचायचे. शारदाक्कांची साखर फार निघाली तेव्हा त्यांनी पानातली उरलेली होळिगे झाकून ठेवली आणि आपण मंजुनाथ आहोत हे आठवल्यावर परत उघडली.

सगळं बरोबर येत होतं. पुन्हा पुन्हा बरोबर. पूर्वा म्हणाली की दुरुस्त झालंय, बस. आणि झाकण मिटायच्या आधी थबकली. तिच्या कपाळावर आठी आली. हे आम्हाला कुणाला सुचलं नव्हतं, अण्णांनाही नाही. ती म्हणाली, "तुम्ही एकापाठोपाठ एक उघडताय. दोघींनी एकदम उघडा बरं. मी म्हणाले की."

ती म्हणाली. आम्ही दोघींनी एकदम बोट दाबलं. अण्णांनी आधी शारदाक्कांचा फोन पाहिला, मग माझा, मग परत शारदाक्कांचा. दोन्हीकडे एकच रिपोर्ट होता.

"जात नाही," ते म्हणाले, भोकात न शिरणाऱ्या गेजबद्दल म्हणावं तसं.

पूर्वाने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच. तिने आमचे दोन्ही फोन शेजारी ठेवून फोटो काढला, ऑफिसला पाठवला आणि खाली एका ओळीत लिहिलं की ही आवृत्ती सोडू नये. पलीकडचा माणूस फोनवर बराच वेळ कुरकुरला. ती एवढंच म्हणत राहिली की नाही, मी हो म्हणणार नाही. ती उभी राहून बोलत होती. रोज संध्याकाळी पायरीवर बसकण मारणारी पूर्वा आणि ही एकच, हे मला क्षणभर जुळवता येईना. शेवटी त्याने मान्य केलं. आवृत्ती थांबली.

अण्णांनी लॅपटॉप परत पाटावर नेऊन ठेवला, काढलेलं फूल होतं तसं वाहिलं. मग ते तिथेच थोडे रेंगाळले. मधली जागा अजून रिकामी होती, तिच्यावर एकटं फूल. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि तो फुलाखाली ठेवला.

शारदाक्का आल्या.  त्यांनी बोटावर कुंकू घेतलं आणि काचेला लागणार नाही अशा बेताने चष्म्याच्या काडीला लावलं.

"आता उद्यापर्यंत उचलायचा नाही हं."

"माहीत आहे."

त्या दुपारी पाऊस आला. अण्णांना पेपर वाचता येईना, भिंतीवरच्या तसबिरी दिसेनात. बाहुल्यांकडे त्यांनी एकदा डोळे बारीक करून पाहिलं आणि सोडून दिलं. मग कट्ट्यावर उशी घेऊन ते झोपले. निवृत्तीनंतर ते दुपारचे प्रथमच झोपले, असं शारदाक्का म्हणाल्या.

पूर्वाने राजीनामा दिलाच. पण त्या दसऱ्याला नाही, पुढच्या पावसाळ्यात, आणि नवी नोकरी धरली ती तपासण्याचीच. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की दुसरं काही नीट येत नाही. ते खरं नव्हतं आणि तिलाही ते माहीत होतं. आता नवमीला लॅपटॉप पाटावर ठेवण्याआधी ती ऑफिसात विचारून घेते की आज बघायला कोण आहे.

त्या संध्याकाळी या शहरात काय घडलं नाही, याचा विचार मी अधूनमधून करते. एक मंजुनाथ आपला रिपोर्ट बघून निर्धास्त घरी गेला असेल, दुसरा आपला बघून डॉक्टरकडे. दोघांनाही आपापलंच दुखणं मिळालं. त्यांना कुणाचे आभार मानायचे नव्हते. पूर्वाला हवं होतं तसं डोळ्यांनी दिसणारं त्यात काही नव्हतं. तरी त्या दिवशी फोनवर नाही म्हणताना ती ताठ उभी होती, आणि ते मी पाहिलेलं आहे.

मी आणि पूर्वाने ती गल्ली सोडून बरीच वर्षं झाली. नवमीला मात्र तिथे जातो. कालही गेलो. पाटावर विळी, कात्री, पूर्वाचा नवा लॅपटॉप, माझं पेन आणि मधोमध चष्मा, शेवंतीखाली. अण्णा आता थकलेत. चष्म्याशिवाय ते भिंतीला हात लावत लावत पानावर आले, बसले आणि दाराच्या दिशेला तोंड करून त्यांनी विचारलं, "तोरण सरळ आहे का?"

"सरळ आहे," शारदाक्का म्हणाल्या.

"सरी," म्हणून अण्णांनी पहिला घास घेतला.

मी दाराकडे पाहिलं. तोरण डावीकडे चांगलंच उतरलेलं होतं. इतकी वर्षं नजरेने तोरण बांधणाऱ्या बाईच्या हातून ते चुकून इतकं वाकडं होत नाही. मी शारदाक्कांकडे वळले. त्या खाली बघून अण्णांच्या पानात तूप वाढत होत्या. दाराशी, तोरणाच्या बरोबर खाली, स्टूल आधीच आणून ठेवलेलं होतं. सकाळी चष्मा उचलला की अण्णांना लागणारं.